एक पॉइंट एक केल्विन

कस्तुरी सुणगारनं उत्तर काढलं होतं :
एक पॉइंट एक केल्विन.
खाली दोन रेघा, पट्टी लावून.

एकशे अठ्ठ्याहत्तरला एकशे साठनं भागलेलं,
वरचे किलोज्यूल, खालचे नुसते ज्यूल.
मधले हजार
बाकाखाली कुठंतरी सांडले.

मी म्हटलं, म्हणजे चुनखडी
चांदण्यांमधल्या गारठ्यातसुद्धा
आपली आपण फुटून चुना होणार.
पोरं हसली. ती नाही हसली.
म्हणाली, "मग आमच्या अप्पाला
कोळसा कशाला लागला असता, मिस?"

शनिवारी तिच्या भट्टीवर गेले,
संकेश्वरच्या बाहेर, हिरण्यकेशीच्या अंगाला.
रामदुर्गाकडून ट्रॅक्टरनं आलेला दगड,
एक थर त्याचा, एक थर कोळशाचा,
आणि वर उभा दुंडाप्पा,
भुवयांचे केस केव्हाच जळून गेलेले.

"किती डिग्री असेल?"
त्यानं डोळे बारीक केले.
"पिकल्या तोंडल्याचा रंग हाय तवर आगंगिल्ल.
ह्यो बगा, केशरी व्हायलाय. आता आगतैति."

आगंगिल्ल. आगतैति.
होणार नाही. होतंय.
वीस वर्षं मी फळ्यावर डेल्टा जी लिहिते,
शून्याच्या वर, शून्याच्या खाली,
आणि दर वर्षी शेवटच्या बाकावरून कुणीतरी विचारतं,
शून्याच्या खाली म्हणजे नापास का?

आता मी मिरचीच्या बाजारातून सुरू करते.
रुमालाखाली दोन हात.
एक हात दगडाचा : वायूला धरून बसलेला,
सोडायचा तर किंमत मोजा म्हणतो. ती एन्थाल्पी.
दुसरा त्या वायूचा : त्याला फक्त सुटायचंय,
भट्टीतून वर, उसाच्या फडांवरून,
चेकपोस्टची फळी उचलायची वाट न बघता. ती एन्ट्रॉपी.
गार असताना तिचं कुणी ऐकत नाही.
आच वाढते तसं
रुमालाखाली एकेक बोट सुटतं.

निवलेला दगड त्यानं माझ्या हातात दिला.
आकार तोच, टोकंसुद्धा तीच,
आणि हात आपोआप वर गेला,
रिकामी कळशी भरलेली समजून उचलावी तसा.
शंभरातले चव्वेचाळीस उडून गेलेले.
मला हे पाठ होतं.
पाठ असलेलं वजन मनगटाला माहीत नव्हतं.

मग त्यानं तो टाकला पाण्याच्या टाकीत.
चर्र आवाज, वाफ, पाणी उकळायला लागलं,
खाली ना काडी ना कोळसा.
"ह्याला कोण सांगावं लागत न्हाई,"
दुंडाप्पा म्हणाला, आणि चष्मा घालून या,
गेल्या साली भावाचा डोळा गेला,
हेही त्याच आवाजात म्हणाला.

आमच्या कॉलेजच्या मागच्या भिंतीला
दर वर्षी चुन्याचा एक हात देतात.
खाली एका लिपीतली घोषणा,
तिच्यावर दुसऱ्या लिपीतली,
तिच्यावर पुन्हा पहिली,
आणि सगळ्यांवर सुणगारांच्या भट्टीचा चुना.
तो वाळतो आणि हवेतून
गेलेला वायू थोडा थोडा परत घेतो,
त्यात वर्गातल्या साठ जणांचा श्वास,
'मिस, रिपीट करा' म्हणणाऱ्यांचाही.
दगड होत जातो परत.
डेल्टा जी पहिल्या दिवसापासून शून्याखाली,
तरी महिनाभरानं टेकलं
तर साडीला पांढरं लागतं.
होऊ शकतं आणि झालं, यांच्यामध्ये
किती दिवस, ते त्या समीकरणात नसतं.
हे मी शिकवते. घाईघाईत, तासाच्या शेवटी.

पुढच्या चाचणीत कस्तुरीनं लिहिलं :
अकराशे बारा पॉइंट पाच.
दोन रेघा.
बाजूला पेन्सिलीनं, कन्नडमध्ये, बारीक :
आगतैति.

एकक लिहायला विसरली होती.
अर्धा मार्क कापला.